पांढऱ्याची प्लेट

मालकांनी मशीनवरून उतरलेला ताव तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि काही न बोलता ते तसेच उभे राहिले, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे तिने ओळखलं. मालक बोलत असले म्हणजे काळजीचं कारण नसे. कागद दमट आलाय, शाई धरत नाही, जावई फोन उचलत नाही, अशी त्यांची रडगाणी छापखान्यात दिवसभर चालूच असत आणि ती ऐकत ऐकतच सगळ्यांची कामं होत. त्यांचं गप्प राहणं वाईट. तिने चष्मा नीट केला आणि ताव पुढे ओढला. कोष्टक जागच्या जागी होतं. उभे रकाने सरळ, आडव्या ओळींना एकाआड एक फिकट निळी पट्टी, तिच्यावर काळे आकडे, दशांशाचे ठिपके ओळंब्यात धरल्यासारखे एकाखाली एक. फक्त सगळ्यात वरची ओळ, जिच्यात तिने मुद्दाम गडद निळा भरून पांढरे आकडे बसवले होते, ती नुसतीच गडद निळी होती. आकडे नव्हते. फिकटले असते, फुटले असते, निम्मे कापले गेले असते तरी तिला बरं वाटलं असतं, कारण तशा दुखण्यांवरचे उपाय तिला तोंडपाठ होते. इथे आकडे कधी नव्हतेच, अशी ती पट्टी गुळगुळीत छापलेली. तिने उगाचच तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला ओली शाई लागली.

पुस्तिका लहान बाळांच्या वॉर्डासाठी होती. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना कुठलं औषध किती द्यायचं ते सांगणारी. पुस्तिकेचा सगळा जीव मधल्या या एका कोष्टकात. डावीकडे बाळाचं वजन, वर औषधांची नावं, आणि ती दोन्ही जिथे भेटतात त्या घरात मात्रा. सगळ्यात वरची ओळ सगळ्यात हलक्या बाळांची, पाचशे ग्रॅमपासून साडेसातशे ग्रॅमपर्यंत. उद्या सकाळी ठिकठिकाणच्या नर्स शिकायला जमणार होत्या आणि पुस्तिका न्यायला बाळांच्या डॉक्टरीणबाई आज दुपारी स्वतः येणार होत्या. त्यांनीच मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, ही वरची ओळ वेगळी करा, लांबून दिसली पाहिजे. तिने ती केली, ऑफिसच्या प्रिंटरवर काढून दाखवली, डॉक्टरीणबाईंनी खूश होऊन खाली सही केली. तो सहीचा कागद तिने आता ड्रॉवरमधून काढला. त्यावर आकडे होते. तिने फाइल उघडली. पडद्यावरही होते, टपोरे, शुभ्र, निळ्यात बसलेले. म्हणजे पडद्यावर आहेत, ऑफिसच्या प्रिंटरवर आहेत आणि मशीनवर नाहीत. बावीस इंची पडदा तिच्याकडे साळसूदपणे बघत होता.

पहिला अंदाज तिने नेहमीचा केला. फाँट. अक्षरांचा ठसा मशीनच्या संगणकाला मिळाला नसेल, म्हणून तो आकडे गिळून बसला असेल. आकड्यांच्या नुसत्या आकृत्या करून तिने फाइल पुन्हा पाठवली, प्रत्येक रंगाची छपाईची प्लेट वेगळी असते, त्यातली निळ्याची नवी निघाली, मशीनवर चढली. पट्टी पुन्हा कोरी. तोवर आतल्या खोलीतून मशीनमन येऊन दाराला टेकून उभा राहिला होता. त्याला सगळे मामा म्हणत. मालकही म्हणत, आणि मालक त्याच्याहून वयाने मोठे होते. "मशीनला बोल लावू नका," मामा म्हणाला. "मशीन आंधळं आहे. प्लेटवर असेल ते छापतं." ते ऐकून मालकांना कंठ फुटला. "दोन प्लेटा गेल्या, बाई. या मापाची आता एकच उरलीय. नवीन यायच्या त्या उद्या. आता अंदाजाने नाही लावायची. आकडे का जातात ते मला सांगा, मग लावतो." ती पडद्याकडेच बघत राहिली. "नाहीतर असं करा," मालक जरा मऊ होऊन म्हणाले, "ती ओळ काढूनच टाका. एवढी लहान बाळं येतात तरी किती? कोष्टक खालच्या ओळीपासून सुरू होऊ दे. कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिने मात्र मान वर न करता म्हटलं, "डॉक्टरीणबाई येईपर्यंत मला बघू द्या."

फार पूर्वी तिने पाहिलेल्या एका वॉर्डाच्या भिंतीवरही असाच औषधांचा तक्ता होता. किती वर्षं झाली त्याला; तेव्हा ती नुकतीच लग्न झालेली, दुसऱ्या एका छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवायची, संध्याकाळी घरी गेली की सासूबाई तिचे हात हुंगून म्हणायच्या, घासलेस का नीट. दिवस भरायला अजून खूप अवकाश होता आणि एका दुपारी अक्षरांच्या खणांसमोर उभी असतानाच तिला कळ आली. मुलगी झाली. पाऊण किलोही नव्हती. काचेच्या पेटीत ठेवली होती, डोक्यावर मुठीएवढी टोपी, आणि तीही तिला सैल होत होती. डॉक्टर एक उंच, तापट गृहस्थ होते, चष्मा कायम कपाळावर. ते भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभे राहिले. तक्त्याची वरची ओळ एक किलोची. त्याच्या वर औषधांची नावं, थोडी कोरी जागा आणि मग भिंत. "हिचं कोष्टकात नाही," ते नर्सला म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या, तळहातावर बोटाने आकडे मांडत हिशोब करू लागले. एक किलोला एवढं, तर हिला किती. मध्येच थांबले, मान हलवली, मोडून पुन्हा मांडलं. ती चाकाच्या खुर्चीत दाराशी बसली होती. डॉक्टर काही वाईट बोलले नव्हते, उलट जिवाचं रान करत होते हे तिला तेव्हाही दिसत होतं. पण ते वाक्य तिच्यात जाऊन बसलं. हिचं कोष्टकात नाही. म्हणजे माणसांनी जगातल्या सगळ्या बाळांसाठी घरं आखून ठेवलीत आणि तिच्या मुलीला त्यात घर नाही. मुलगी थोडे दिवस राहिली आणि गेली. नाव ठेवायचं राहून गेलं. पायाला बांधलेल्या पट्टीवर आईचंच नाव होतं.

घरी त्याबद्दल कुणी बोललं नाही. सासूबाईंनी तिला महिनाभर पाण्यालाही हात लावू दिला नाही, हेच त्यांचं बोलणं. नवरा कामाला जायचा, यायचा, जेवायचा. मुलगी होती त्या दिवसांत तो रोज संध्याकाळी वॉर्डात यायचा, आणि पेटीकडे बघवत नसे म्हणून भिंतीवरचा तक्ता वाचत उभा राहायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी, दोघं बाजारातून परत येत असताना, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत तो एकदम म्हणाला होता, "अगं, त्या तक्त्यावर वर जागा होती. एक ओळ सहज मावली असती." तिने नुसतं हं म्हटलं. पुढे मूल झालं नाही. शिसं गेलं, संगणक आले, ती नवं काम शिकली, या छापखान्यात आली, आणि इथे आल्यापासून कोष्टक म्हटलं की तिच्याकडे, असा शिरस्ताच पडला. बाकीचे कोष्टकापासून चार हात लांब पळत. ओळी वाढतात, रकाने सरकतात, रेघा पडद्यावर दिसतात आणि कागदावर गायब होतात, पान संपलं की खालची ओळ चौकटीबाहेर पडून मरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तिला मात्र ती बारीक कटकट आवडे. मालकांनी तिचं नाव कोष्टकबाई पाडलं होतं. गाड्यांची वेळापत्रकं, परीक्षांचे निकाल, शिवणकामाची मापं, काय वाटेल ते येवो, ती पहिल्यांदा बघायची ते एकच. कुणी बाहेर तर नाही ना राहिलं? हे का, ते छापखान्यात कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तिने कोष्टक नव्याने आखायला घेतलं. रिकामं पान, नवे रकाने, नव्या ओळी. जुन्या कोष्टकातले आकडे उचलून यात आणले, ऑफिसच्या प्रिंटरवर काढले, छान आले. पण ऑफिसचा प्रिंटर आधीही छानच म्हणत होता. गोड बोलून तो नेमका वेळेला कच खातो, आता त्याच्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. मग तिने ओळीची उंची वाढवून बघितली, कुठला थर चुकून झाकला गेलाय का ते बघितलं, कोष्टकाचं चित्र करून बघितलं. हात चालत होते आणि मन दुसरीकडेच होतं. पाचशे ग्रॅम. इतकी वर्षं ती ही पुस्तिका मांडत होती आणि दर नव्या आवृत्तीला वर एक ओळ वाढत गेली होती, हे तिला आज एकाएकी दिसलं. आधी एक किलो. मग पाऊण किलोची ओळ आली. आता त्याच्याही वर ही. तिने त्या त्या वेळी त्या ओळी मुकाट्याने वाढवल्या होत्या, रेघ जुळते का, आकडा मावतो का, एवढंच बघून. कुणीतरी पाचशे ग्रॅमच्या जिवासाठी घर आखलं होतं. मिलिग्रॅमचे तुकडे करून, त्या तुकड्यांचे तुकडे करून, हे एवढं तुझं, असं कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. तिचे हात कळफलकावर थांबले. तिला एकदम फार मोठ्या जागी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. समोर तेच टेबल होतं, तोच गार झालेला चहा.

डॉक्टरीणबाई सांगितल्या वेळेच्या आधीच आल्या. वयाने लहान, केस घाईत बांधलेले, झोप न झालेल्या माणसासारखा चेहरा. मालकांनी सगळं सांगितलं आणि आपला उपायही सांगितला. डॉक्टरीणबाई खुर्चीच्या काठावर बसल्या, ताव हातात घेऊन त्यांनी तो बराच वेळ बघितला. "साधी ओळ करता येईल ना?" मामाने दारातून विचारलं. "फिकट पट्टी, काळे आकडे. बाकीच्या येतायत की नीट." तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मागच्या आवृत्तीत तेव्हाची सगळ्यात वरची ओळ साधीच होती. एके ठिकाणी रात्रपाळीची नर्स एकटी होती, बाळ नुकतंच आलेलं, धावपळ. तिची नजर एक ओळ खाली घसरली. खालच्या ओळीचं औषध दिलं गेलं."  पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. "म्हणून मी गडद मागितली. साधी नको. त्यापेक्षा मालक म्हणतायत तसं काढलेलं बरं. ओळच नसेल तर त्या मला फोन करतील. साधी असली तर चुकतील." "मग काढूच या," मालक म्हणाले. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "काय हो बाई, तुम्हाला काय वाटतं? बाकीचं कोष्टक मी ताडून बघते, ते बरोबर असेल तर तेवढं नेते. ही ओळ पुढच्या वर्षी घालू." पुढच्या वर्षी म्हणजे तोवर फोन. तोवर कुणीतरी वॉर्डात उभं राहून तळहातावर हिशोब मांडणार आणि दाराशी बसलेली कुणीतरी ते ऐकणार. "तुम्ही ताडून बघा," ती म्हणाली. आवाज तिलाच जरा चढलेला वाटला. "तेवढा वेळ मला द्या. मी ओळ काढणार नाही अजून."

तिने डोळे मिटले. शिशाच्या दिवसांत मास्तर म्हणायचे, काही सापडेना की फर्मा, म्हणजे आवळून बांधलेली अक्षरांची चौकट, सोडून सगळं सुटं करायचं. सुटं करायचं. तिने डोळे उघडले आणि ऑफिसच्या प्रिंटरला सांगितलं, दोन्ही रंग एकत्र काढू नकोस, वेगवेगळे काढ. काळ्याचा कागद वेगळा, निळ्याचा वेगळा. हे मशीनसाठी प्लेटा काढताना होतं, ऑफिसच्या प्रिंटरवर तसं कुणी सहसा काढून बघत नाही. दोन कागद बाहेर आले. काळ्याच्या कागदावर खालच्या सगळ्या ओळींचे आकडे होते आणि वरच्या ओळीची जागा रिकामी. बरोबर, वरचे आकडे काळे नाहीतच. निळ्याच्या कागदावर वरची पट्टी भरीव. सलग भरीव. ती बघत राहिली. मग पांढरे आकडे कुठल्या कागदावर? ती खरोखरच तिसरा कागद यायची वाट बघत प्रिंटरकडे वळली होती, हे लक्षात आल्यावर तिला हसू आलं. पांढऱ्याची प्लेट नसते. जन्म गेला या कामात, आणि हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच. पांढरी शाई नसतेच. पांढरा आकडा कुणी छापत नाही. निळ्याने तेवढी जागा सोडायची असते, आकड्याच्या आकाराची, आणि खालचा कागद त्यातून दिसतो. निळ्या कागदावर आकड्यांची भोकं असायला हवी होती आणि निळ्याने ती भरून टाकली होती. का भरली, ते आता तिला सरळ दिसलं. तिनेच सांगितलं होतं. कोष्टक पहिल्यांदा मांडलं तेव्हा सगळे आकडे काळे होते, आणि फिकट निळ्या पट्टीवर काळा आकडा बसवताना खालचा निळा कापायचा नाही, काळा त्याच्यावर चढवूनच छापायचा, असा तिचा रिवाज होता. नाहीतर मशीनवर कागद केसभर हलला की आकड्याभोवती पांढरी फट दिसते. म्हणून तिने सगळं कोष्टक एकदम निवडून ओव्हरप्रिंटची खूण करून टाकली होती. मागच्या आठवड्यात वरच्या ओळीचा काळा तिने पांढरा केला. रंग बदलला, खूण तशीच राहिली. पांढरं निळ्यावर चढवून छाप, असा हुकूम होता. आणि पांढरं म्हणजे काहीच नाही, तेव्हा मशीनने निळ्यावर इमानेइतबारे काहीच नाही छापलं. आकडे नव्या कोष्टकात आणले तेव्हा खूणही त्यांच्याबरोबर आली. पडद्याला आणि ऑफिसच्या प्रिंटरला असल्या गोष्टींशी कर्तव्य नसतं, ते आपलं दिसायला बरं ते दाखवतात.

एक खूण काढायची होती. पण तिने लगेच काढली नाही. ती त्या दोन कागदांकडे बघत बसली आणि तिच्या आत काहीतरी हळूहळू सुटं होत गेलं. शिशाच्या काळात पांढऱ्यालाही वजन होतं. दोन शब्दांमधली कोरी जागासुद्धा शिशाच्या तुकड्याची असे, तो खणातून उचलून हाताने बसवावा लागे, आणि दिवसाच्या शेवटी कोरे तुकडे उचलूनही बोटं अक्षरं उचलल्याइतकीच दुखत. आता कुणी काही उचलत नव्हतं, तरी ते खरं होतंच. आयुष्यभर तिने जे पांढरं म्हणून मांडलं, ते सगळं कुणीतरी स्वतःला मागे घेतल्यामुळे दिसत होतं. मुलगी पेटीत होती तेव्हा वॉर्डातली नर्स तिला म्हणायची, हात नका लावू, हाताळलं की दमते ती. ती त्या नर्सचा मनापासून राग करायची. स्वतःच्या पोटच्या पोरीला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय, म्हणून रात्र रात्र उशीत तोंड खुपसून रडायची. आज तिला ती खोली दिसली. काचेच्या पेटीभोवती पाचसहा मोठी माणसं. तो तापट डॉक्टर, नर्स, खुर्चीतली ती, भिंतीकडे तोंड केलेला नवरा. सगळ्यांनी हात मागे घेतलेले. सगळ्यांनी श्वाससुद्धा बेताने घेतलेला. एवढ्याशा जिवासाठी एवढ्या माणसांनी जागा सोडलेली, आणि तेवढ्या जागेत मुलगी थोडे दिवस दिसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आश्चर्यच फार वाटत होतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या खोलीत काहीतरी कमी पडलं. कमी पडलंही होतं. पण जे होतं तेही केवढं होतं.

तिने वरची ओळ निवडली, खूण काढली, दोन्ही रंग पुन्हा वेगळे काढले. निळ्याच्या कागदावर भोकं होती. आकड्यांच्या आकाराची, स्वच्छ, दशांशाच्या ठिपक्याएवढंसुद्धा भोक जागेवर. ती दोन्ही कागद घेऊन मालकांकडे गेली. "कारण सापडलं," ती म्हणाली. "माझंच चुकलं होतं. रंग बदलला आणि खूण काढायची विसरले." तिने दोन्ही कागद उजेडासमोर एकावर एक धरून दाखवले. मालकांनी बघितलं, मामाने बघितलं. मामा म्हणाला, "हं, आता बरोबर आहे." मालक म्हणाले, "लाव शेवटची. आणि बाई, तुमच्या चुकाही कोष्टकात बसवाव्या अशा असतात." म्हणजे राग गेला होता. प्लेट निघाली, मामाने ती मशीनवर ताणून बसवली, शाई धरेपर्यंत दहावीस ताव वाया जाऊ दिले. डॉक्टरीणबाई आणि ती मशीनजवळ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मामाने एक ताव काढून त्यांच्यापुढे फळीवर टाकला. निळ्या पट्टीत पांढरे आकडे होते.

कोष्टक तपासायची छापखान्यात एकच रीत होती. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवत जायचं. डॉक्टरीणबाईंनी मूळ कागद घेतला, तिने बोट ठेवलं. "पाचशे ते सातशे पन्नास," डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. "शून्य पॉइंट तीन. शून्य पॉइंट शून्य पाच. हे देऊ नये, तिथे आडवी रेघ. शून्य पॉइंट दोन." आकडे इतके बारीक होते की उच्चारायला जेवढा श्वास लागे तेवढंही औषध त्यांत असेल असं वाटेना. ओळ संपली. डॉक्टरीणबाईंनी खालची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि तिने विचारलं, "हे आकडे तुम्ही कुठून आणता?" इतकी कोष्टकं मांडली, हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता.

"कुठून म्हणजे?" डॉक्टरीणबाईंना आधी कळलं नाही. "बाळांकडूनच."

"म्हणजे कसं?"

"एवढ्या लहान बाळांचं कुणालाच काही माहीत नव्हतं हो. आमच्या आधीचे लोक मोठ्या बाळांवरून अंदाज करायचे. उभ्या उभ्या. तेवढं द्यायचे, मग बाळाकडे बघत बसायचे. काय झालं ते एकमेकांना कळवायचे. दुसरा कुणी त्यावरून थोडं कमी द्यायचा, तिसरा वेळ बदलायचा. असं ठिकठिकाणी, वर्षानुवर्षं. तेव्हा कुठे एक आकडा हाती लागतो. ही ओळ अशी झालीय."

"जी वाचली, त्यांच्यावरून?"

 डॉक्टरीणबाईंनी मूळ कागदाची कड अंगठ्याने सरळ केली. "दोन्ही," त्या म्हणाल्या. "खरं सांगायचं तर जी नाही वाचली, त्यांनीच जास्त सांगितलं. कुठे थांबायचं ते त्यांच्यामुळे कळलं. आता या ओळीतली पुष्कळ घरी जातात. परवाच एक गेली. आईच्या एका हातावर मावत होती आली तेव्हा."

तिला राग यायला हवा होता की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. तो शोधूनही सापडला नाही. कपाळावर चष्मा चढवलेला तो उंच माणूस तळहातावर आकडे मांडत होता, मोडत होता, पुन्हा मांडत होता. आणि त्याने त्या दिवशी जे मांडलं ते तिथेच विरून गेलं नव्हतं. ते कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं. ते हळूहळू चालत चालत, इतक्या वर्षांनी, तिच्या बोटाखाली येऊन थांबलं होतं. तिचं बोट अजून पट्टीवर होतं. 

"सातशे दहा ग्रॅम," ती म्हणाली. हा आकडा तिने तोंडाने पहिल्यांदाच उच्चारला. "माझी मुलगी. फार वर्षं झाली. तेव्हाचं कोष्टक एक किलोपासून सुरू व्हायचं."

मशीनची मोटर घरघरत होती. मामा दुसरीकडे बघत हात पुसत होता. डॉक्टरीणबाईंनी वाईट वाटल्याचं काही म्हटलं नाही. त्यांनी मूळ कागदावरच्या वरच्या ओळीकडे बघितलं, मग छापलेल्या ओळीकडे, आणि बाकीचे आकडे वाचले होते त्याच आवाजात म्हणाल्या, "मग ती आहे या ओळीत."

मालक बाहेरून विचारायला आले, मामाने चालू करायचं का. ती म्हणाली, थांबा जरा. तिने ती ओळ पुन्हा पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वाचली, या वेळी स्वतः, मोठ्याने, आणि डॉक्टरीणबाईंनी मूळ कागदावर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला हं म्हटलं. मग खालच्या सगळ्या ओळी झाल्या. सगळं बरोबर होतं. तिने मामाकडे बघून मान हलवली. मशीन सुरू झालं. ताव एकावर एक पडू लागले, आणि प्रत्येक तावावर सगळ्यात वर तिची मुलगी होती.